पवनचक्कीच्या करारावर सही करण्याआधी

राधानगरीहून दाजीपूरकडे निघाले की घाटमाथ्यावरचे सडे लागतात. पावसाळ्यात तिथे छत्री टिकत नाही, इतका वारा असतो. असेच सडे सातारा जिल्ह्यातही आहेत. चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातले वनकुसवडे इथल्या पठारांवर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांच्या रांगा फिरताना दिसतात. आपल्याकडेही एखाद्या घरात हा विषय निघतोच. आपल्या सड्यावर पवनचक्की आली तर?

समजा, उद्या वाडीवर एक गाडी येऊन थांबली. "चाचा, वरच्या पडीक रानात काही पिकत नाही. वर्षाला भाडे घ्या, इथे सही करा," असे कोणी म्हणाले. अब्बांना वाटेल, रिझक चालून आली. वाटण्यात गैर काही नाही. विजेची गरज सर्वांना आहे आणि वाऱ्याच्या विजेला धूर नाही. पण त्या कागदावर पंचवीस-तीस वर्षे लिहिलेली असतात, आणि तेवढ्या वर्षांत घरात एक नवी पिढी कर्ती होते. म्हणून सहीआधी काही गोष्टी समजून घेऊ.

पहिला प्रश्न, जमीन कुठे आहे? राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत ते आहे. अभयारण्याभोवतीचा पट्टा केंद्र सरकारने २०२० मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. या पट्ट्यातली शेती, बाग किंवा जंगल सरसकट व्यापारी वा औद्योगिक वापराखाली आणता येत नाही. खाणीला तिथे बंदी आहे. विजेचे मनोरे आणि तारा नियंत्रित कामांत मोडतात. घरगुती सौरदिवे, बायोगॅस यांना मात्र उत्तेजन आहे. तेव्हा आपले गाव आणि आपला गट नंबर या पट्ट्यात येतो का, हे वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे. दलालाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

जमीन पट्ट्याबाहेर असेल तर दुसरा प्रश्न, घरापासून अंतर किती? केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. आवाजाचा त्रास टळावा म्हणून कोणत्याही राहत्या घराच्या ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये, असे त्यांत म्हटले आहे. रस्ते, इमारती आणि उच्च दाबाच्या तारांसाठी वेगळा हिशेब आहे. मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर. म्हणजे १२० मीटर उंच मनोरा आणि १३० मीटरचे वर्तुळ असेल तर अंतर १९० मीटर होते. चक्की कोसळली तरी रस्त्यावर पडू नये, असा त्यामागचा विचार.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत पवनऊर्जेचा समावेश नाही. त्यामुळे खाणीसाठी किंवा मोठ्या कारखान्यासाठी जशी जनसुनावणी होते, तशी ती पवनचक्कीसाठी आपोआप होत नाही. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पवनऊर्जेलाही ही प्रक्रिया लागू करावी, अशी शिफारस केली होती. मंडप घालून कोणी आपल्याला विचारायला येईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपले संरक्षण बरेचसे आपल्याच कागदांत असते.

त्यातला पहिला कागद सातबारा. त्यावर अब्बांबरोबर चाचांची आणि फुफीचीही नावे असतील, तर सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. त्याच्या सहीने फुफीचा हिस्सा जात नाही. फुफीचे नाव चढलेलेच नसेल, तर आधी वारसनोंद करा, मग कराराचे बोला. शरीयतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. तरी पडीक रान म्हणून कोणी तो विचारत नाही, आणि त्याच रानाचे भाडे येऊ लागले की "तिने तर माफ केले होते" हे वाक्य घरात ऐकू येते. भाडे येणार असेल तर दरवर्षी तिचा वाटा तिच्या हाती, शक्यतो तिच्याच बँक खात्यात जावा. हे करारातच लिहून घेता येते.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले आहे का, तेही बघा. इनामाच्या, सरकारने दिलेल्या आणि पुनर्वसनात मिळालेल्या अनेक जमिनी या वर्गात असतात. त्या हस्तांतरित करायला महसूल खात्याची परवानगी लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. शंभर रुपयांच्या स्टँपवरचा कागद इथे पुरत नाही. गावदप्तरी फेरफार धरला गेला की तलाठी नोटीस काढतो. हरकत असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुंबईला किंवा आखातात असलेल्या भावंडांना त्या नोटिसीचा फोटो त्याच दिवशी पाठवा.

सड्यावर दर्गा, कब्रस्तान किंवा मशिदीला दिलेली जमीन असेल, तर जमातीने अधिक सावध राहावे. वक्फची जमीन विकता येत नाही. वक्फ मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय केलेला भाडेपट्टाही कायद्याने ग्राह्य नाही. मुतवल्लीची एकट्याची सही इथे चालत नाही.

ज्यांनी सही केलीच नाही, त्यांच्या शेतातूनही वीज वाहून नेणाऱ्या तारा जाऊ शकतात. ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी केंद्राने २०१५ मध्ये सूचना काढल्या. मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत भरपाई, असे त्यांत होते. जून २०२४ च्या नव्या सूचनांत हे आकडे २०० आणि ३० टक्के झाले. राज्ये यात आपापले नियम करतात, म्हणून आपल्या लाइनला कोणता दर लागू आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावे. याहून कमी दाबाच्या तारांना हे दर आपोआप लागू होत नाहीत. तिथे संमतीपत्र वाचूनच सही करावी.

आता मूळ करार. तो मराठीत मागा आणि घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. पाच गोष्टी त्यात आहेत का, तपासा: भाडे दर किती वर्षांनी वाढणार, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडे कोण देणार, रस्ता नेमका किती फूट रुंद आणि कोणत्या बांधावरून जाणार, बाकी रानात गुरे चारायची, गवत कापायची मोकळीक राहणार का, आणि मुदत संपल्यावर मनोरा व जमिनीतले काँक्रीट कोण, कोणाच्या खर्चाने काढणार. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ती लिहिलेली नसेल तर काँक्रीटचा चौथरा नातवंडांच्या वाट्याला येतो.

सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सहीसाठी घाई करणाऱ्याला इतकेच सांगा, "कागद ठेवून जा. जुम्म्यानंतर सगळे बसून वाचतो." आणि त्या बैठकीला फुफीला बोलावायला विसरू नका.