कोल्ड रूमचे मशीन बदलताना एच.पी. नव्हे, उष्णता मोजा

मटण-चिकनचे व्यापारी, डेअरीवाले, फळांचे अडते यांच्यापैकी ज्यांच्याकडे कोल्ड रूम आहे, त्यांच्यावर दहा-पंधरा वर्षांत एकदा तरी मशीन बदलण्याची वेळ येतेच. ती बहुधा भर उन्हाळ्यात येते. आत माल असतो आणि मालक घाईत असतो. अशा वेळी मिस्त्री जुन्या मशीनची पाटी वाचून म्हणतो, "तीन एच.पी. होते, तीन एच.पी.च बसवू." नाहीतर सल्ला देतो, "या वेळी पाचचे घ्या आणि बिनघोर राहा." दोन्ही सल्ले अंदाजाचे आहेत. छोटे मशीन माल नासवते आणि मोठे मशीन वीज खाऊन माल सुकवते. म्हणून पैसे मोजण्याआधी व्यापारी बंधूंनी आणि कारागिरांनी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसावे, असे आम्ही सुचवतो.

आधी दोष कुठे आहे ते पाहा

थंडी कमी पडते म्हणजे मशीन छोटेच आहे असे नाही. कंडेन्सरवर धूळ व पिसे साचली आहेत का? कॉइलवर बर्फाचा थर आहे का? दाराचे रबर फाटले आहे का? पॅनेलला बाहेरून घाम सुटतो का? घाम सुटत असेल तर आतल्या पफमध्ये पाणी शिरले असावे. ओले पफ उष्णता अडवत नाही. दार आणि पॅनेल तसेच ठेवून मोठे मशीन बसवणे म्हणजे गळक्या टाकीला मोठा पंप लावणे होय.

एच.पी. म्हणजे थंडी नव्हे

एच.पी. हे मोटरचे माप आहे. मशीन किती उष्णता बाहेर काढते, हे कॉइल किती थंड चालते यावर ठरते. एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर साधारण अधिक ७ अंशांच्या कॉइलवर मोजलेला असतो. कोल्ड रूम २ अंशांवर ठेवायची तर कॉइल उणे ४-५ अंशांवर चालवावी लागते. तिथे त्याच कॉम्प्रेसरची क्षमता एक-तृतीयांशाहून जास्त घटते. स्वस्तात मिळालेला ए.सी.चा कॉम्प्रेसर कोल्ड रूमला का पुरत नाही, त्याचे एक कारण हेच.

दुसरी गोष्ट बाहेरच्या हवेची. बऱ्याच कॅटलॉगांतले आकडे बाहेर ३२ किंवा ३५ अंश धरून दिलेले असतात. नागपूर, चंद्रपूर, जळगावात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि पत्र्यावर ठेवलेल्या युनिटला त्याहून गरम हवा मिळते. बाहेरचा प्रत्येक अंश साधारण एक टक्का क्षमता कमी करतो. म्हणून आपल्या गावच्या मे महिन्याचा आकडा विक्रेत्याकडे मागा.

हिशेब असा करा

समजा, ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, अडीच मीटर उंच खोली आहे. पफ ८० मि.मी. जाडीचे आणि कोरडे आहे. आत २ अंश, बाहेर ४० अंश. रोज ५०० किलो चिकन ३० अंशांवर आत येते. उष्णता आपण 'युनिट'मध्ये मोजू. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट उष्णता एक तास. हे विजेच्या बिलातले युनिट नव्हे, मशीनने बाहेर काढायची उष्णता आहे.

१) भिंती, छत, जमीन : एकूण ४८ चौरस मीटर. अशा पफमधून प्रत्येक चौरस मीटरला, अंशाच्या फरकामागे सुमारे ०.३ वॉट उष्णता आत येते. ४८ × ०.३ × ३८ म्हणजे जवळपास ५४७ वॉट. दिवसाला १३ युनिट.

२) माल : एक किलो मांस एक अंश थंड करायला सुमारे ३.४ किलोज्यूल काढावे लागतात. ५०० किलो, २८ अंश. दिवसाला १३ युनिट.

३) दार : दिवसात २० वेळा खोलीभर हवा बदलते असे धरले तर सुमारे १०.५ युनिट. ग्राहकी जास्त असेल तर हा आकडा दुप्पटही होतो. कोकणातल्या दमट हवेत तो आणखी वाढतो.

४) पंखे, दिवा, माणसे : कॉइलचे पंखे २०० वॉटचे आणि दोन माणसे रोज दोन तास आत धरली तर सुमारे ६ युनिट. थंड खोलीत काम करणारा माणूस स्वतः अडीचशे वॉटच्या आसपास उष्णता सोडतो.

बेरीज ४२.५ युनिट. दहा टक्के जादा धरून सुमारे ४७. मशीनला डीफ्रॉस्टसाठी आणि दमासाठी वेळ लागतो, म्हणून चोवीस नव्हे, सोळा तासांनी भागा. उत्तर येते सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे साधारण १०,००० बी.टी.यू. किंवा पाऊण टनाहून थोडे जास्त. ही क्षमता उणे ५ च्या कॉइलवर आणि आपल्या गावच्या उन्हाळ्यात मिळाली पाहिजे.

ईदचा दिवस वेगळा धरा

रोजच्या मालावर घेतलेले मशीन गर्दीच्या दिवशी उघडे पडते. २०२६, २०२७ आणि २०२८ या तिन्ही वर्षी बकरी ईद मे महिन्यात येते. म्हणजे सर्वांत जास्त माल आणि सर्वांत जास्त ऊन एकत्र. त्या दिवशी याच खोलीत १,००० किलो ताजे, ३८ अंशांचे मांस आले तर मालाचीच उष्णता ३४ युनिट होते आणि एकूण बेरीज दहा टक्के धरून ७० युनिटच्या घरात जाते. ३ किलोवॅटचे मशीन चोवीस तास न थांबता चालले तरच जेमतेम पुरेल आणि तोवर ढिगाच्या मधले मांस गरमच राहील.

यावर उपाय एक मोठे मशीन नाही. दोन-दोन किलोवॅटची दोन युनिटे बसवा. एरवी ती आळीपाळीने चालतील, गर्दीच्या दिवशी दोन्ही चालतील, आणि एक बिघडले तरी खोली पूर्ण बंद पडणार नाही. मांस ढिगाने रचू नका, टांगा आणि मधून हवा फिरू द्या.

कॉइल जोडीला हवी

मशीन मोठे आणि कॉइल जुनी, छोटी असेल तर कॉइल गरजेपेक्षा जास्त थंड होते, हवेतले पाणी ओढून बर्फ धरते आणि मांस सुकते. ५०० किलोमागे एक टक्का वजन गेले तरी रोज ५ किलोचा तोटा. उघड्या मांसाच्या खोलीत कॉइल आणि हवा यांत ५ ते ७ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. मशीन सारखे चालू-बंद होत असेल तर कॉम्प्रेसरचेही आयुष्य घटते.

गॅसचा विचार

आर-१२ विकसनशील देशांतही २०१० पासून बंद झाला. मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ सुद्धा टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, त्यामुळे नवे मशीन त्यावर घेऊ नये. गॅस बदलला तर तेल व एक्स्पान्शन व्हॉल्व्हही त्याला जुळणारा हवा. आर-२२ च्या जुन्या मशीनमधले मिनरल तेल आर-४०४ए ला चालत नाही. जुन्या नळ्या तशाच वापरायच्या तर त्या नीट साफ करून घ्याव्यात.

कोटेशन घेताना

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी मागा : किती वॉट क्षमता, कॉइलच्या कोणत्या तापमानावर, बाहेरच्या कोणत्या तापमानावर, आणि दिवसाला किती तास चालून. जो फक्त "पाच एच.पी." लिहून देतो त्याला हिशेब विचारा. हिशेब न देणाऱ्याचे मशीन कितीही स्वस्त मिळाले तरी त्याची खरी किंमत मे महिन्यात कळते, आणि तेव्हा खोलीत आपला माल असतो.