संगणकाची प्रतीक्षा आणि तिचे मापन : ‘आयओस्टॅट’च्या वाचनाविषयी

‘संगणक मंद चालतो’ ही तक्रार सर्व संशोधन-विभागांत ऐकू येते. परंतु तो नेमका कशासाठी थांबला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बहुधा प्रोसेसर जुना झाला असे गृहीत धरले जाते, तुटपुंज्या अनुदानातून नवे यंत्र घेतले जाते, आणि पूर्वी जे काम रात्रभर चालत असे ते नव्या यंत्रावरही रात्रभरच चालते. निदानाआधी औषधयोजना करण्याचा हा प्रकार टाळावयाचा असेल, तर डिस्क व प्रोसेसर यांच्या हालचालींचे मापन करणारी साधने हाताशी असावयास हवीत, आणि त्यांनी दिलेले आकडे वाचण्याची दृष्टीही हवी. साधन फुकट मिळते. उणीव असते ती दृष्टीची.

या साधनांपैकी ‘आयओस्टॅट’ हे सर्वांत परिचित होय. त्याचा वंश जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ साली, या नावाची आज्ञा होती. लिनक्सवर आज जी आज्ञा वापरली जाते ती सेबास्तियाँ गोदार यांनी रचलेल्या ‘सिसस्टॅट’ या संचातील आहे. तीत चित्रे नाहीत, रंगांचे आलेख नाहीत. आज्ञा टंकावी, तिच्यापुढे किती सेकंदांनी व किती वेळा हे दोन अंक द्यावेत, आणि पडद्यावर उमटणारी कोष्टके वाचावीत, एवढेच तिचे स्वरूप आहे. ‘एक्स’ हा विकल्प जोडला असता डिस्कविषयीची सविस्तर माहिती मिळते.

हे साधन स्वतः काहीही मोजत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. मोजण्याचे काम कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, अखंड करीत असतो. संगणक सुरू झाल्या क्षणापासून किती वाचन-मागण्या पुऱ्या झाल्या, किती क्षेत्रखंड वाचले गेले, त्यांत किती मिलिसेकंद गेले, यांची वाढती बेरीज तो ‘डिस्कस्टॅट्स’ नावाच्या फाइलमध्ये मांडून ठेवतो. प्रोसेसरने किती वेळ वापरकर्त्याच्या कामात घालविला, किती वेळ कार्यप्रणालीच्या कामात आणि किती वेळ रिकामा काढला, याचीही अशीच बेरीज असते. आयओस्टॅट ठरावीक अंतराने ही बेरीज दोनदा वाचतो, वजाबाकी करतो आणि अंतराने भागतो. विजेच्या मीटरचे वाचन घेणारा माणूस याहून निराळे काही करीत नाही.

यातूनच नवशिक्यांची एक ठरलेली चूक उद्भवते. आज्ञेने छापलेले पहिले कोष्टक हे संगणक सुरू झाल्यापासूनच्या संपूर्ण काळाची सरासरी असते. यंत्र महिनाभर सुरू असेल, तर त्या महिन्यातील सुट्ट्या, रात्री आणि निवांत दुपारी या सर्वांचे पाणी त्या आकड्यात मिसळलेले असते. अंतर न देता आज्ञा चालविणारास फक्त हेच कोष्टक दिसते. आणि ‘डिस्क तर अवघी दोन टक्के व्यस्त आहे’ असे समजून तो निश्चिंत होतो. पहिले कोष्टक सोडून द्यावे आणि दुसऱ्यापासून वाचावे, हा नियम म्हणूनच पाळावयाचा. ‘वाय’ हा विकल्प दिला असता पहिले कोष्टक मुळातच छापले जात नाही.

आता कोष्टकातील स्तंभांकडे वळण्यापूर्वी एक दृश्य डोळ्यांसमोर आणणे उपयुक्त ठरेल. यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हे तालुक्याचे गाव आहे. हा सारा मुलूख कापसाचा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, आणि हंगामात संकलन केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागण्याचे दृश्य विदर्भात नित्याचे झाले. अशा एखाद्या केंद्राचे आवार कल्पावे. आत एक काटा आहे. गाडी फाटकातून आत येते, रांगेत थांबते, काट्यावर चढते, मापारी वजन घेतो, आणि रिकामी होऊन बाहेर पडते. पलीकडे जिनिंगचे यंत्र वजन झालेल्या कापसाची वाट पाहत उभे आहे. येथे काटा म्हणजे डिस्क, गाडी म्हणजे वाचनाची किंवा लेखनाची मागणी, आणि जिनिंगचे यंत्र म्हणजे प्रोसेसर.

या आवाराविषयी चार प्रश्न विचारता येतात. ताशी किती गाड्या पार पडल्या? एका गाडीत किती कापूस होता? फाटकातून शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत गाडीस सरासरी किती वेळ लागला? आवारात एका वेळी सरासरी किती गाड्या होत्या? आयओस्टॅटच्या सविस्तर कोष्टकातील महत्त्वाचे स्तंभ हीच चार उत्तरे होत. ‘आर/एस’ व ‘डब्ल्यू/एस’ या स्तंभांत प्रतिसेकंद पुऱ्या झालेल्या वाचन व लेखन-मागण्या असतात. त्यांशेजारी प्रतिसेकंद किती किलोबाइट गेले ते असते, व त्यावरून एका मागणीचा आकार निघतो. ‘अवेट’ म्हणजे मागणीस लागलेला एकूण वेळ, मिलिसेकंदांत. त्यात रांगेतील वेळ आणि प्रत्यक्ष काट्यावरील वेळ दोन्ही येतात. ‘एक्यूयू-एसझेड’ म्हणजे रांगेची सरासरी लांबी. शेवटचा स्तंभ ‘युटिल’ याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण सर्वाधिक घोटाळा त्याच्याच पायी होतो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक पण सर्वस्वी संभाव्य प्रसंग घेऊ. नेर तालुक्यातील शेतांच्या पीकपाहणीच्या नोंदी एका विद्यार्थ्याने संगणकावर एकत्र केल्या आहेत. ५० हजार गट, ४० वर्षे. म्हणजे २० लाख नोंदी. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची, म्हणजे सारी फाइल सुमारे ८ गिगाबाइटची. नोंदी वर्षाच्या क्रमाने साठविल्या आहेत. विद्यार्थ्याची आज्ञावली मात्र एकेका गटाचा ४० वर्षांचा इतिहास मागते. यंत्रात ८ गाभ्यांचा प्रोसेसर आहे, स्मृती बेताची आहे, आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुन्या पद्धतीची फिरती डिस्क आहे. काम सात तास चालते. आयओस्टॅट पाच-पाच सेकंदांच्या अंतराने चालविला असता असे दिसते : प्रोसेसर ०.२ टक्के वापरकर्त्याच्या कामात, ०.१ टक्के प्रणालीच्या कामात, १२.२ टक्के ‘आयओवेट’ आणि ८७.५ टक्के रिकामा. डिस्क : प्रतिसेकंद ७८ वाचने, ३१२ किलोबाइट, अवेट १२.५ मिलिसेकंद, रांगेची लांबी सुमारे ०.९८, युटिल ९७.५ टक्के.

या कोष्टकाचे वरवरचे वाचन दोन परस्परविरुद्ध निष्कर्षांकडे नेते. प्रोसेसरकडे पाहणारा म्हणेल की, यंत्र जवळजवळ रिकामे आहे, बारा टक्क्यांची प्रतीक्षा ती काय! परंतु आठ गाभ्यांच्या यंत्रात एक गाभा म्हणजे १२.५ टक्के. एकाच धाग्याने चालणारी आज्ञावली याहून अधिक जागा व्यापूच शकत नाही. तेव्हा १२.५ पैकी १२.२ म्हणजे ती आपल्या आयुष्याचा ९७ टक्क्यांहून अधिक भाग वाट पाहण्यात घालवीत आहे. सात तासांपैकी प्रत्यक्ष गणनेचा वेळ अवघा दहा मिनिटांचा आहे. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर पाच मिनिटे वाचतील. ज्या विभागाने त्यासाठी वर्षाचे अनुदान खर्च केले, त्याने पाच मिनिटे विकत घेतली असे म्हणावे लागेल.

डिस्ककडे पाहणारा दुसऱ्या टोकाचे बोलेल : ‘डिस्क पूर्ण भरली, तिची शक्ती संपली.’ सेकंदाला ३१२ किलोबाइट! अशीच डिस्क सलग वाचन करताना सेकंदाला १५० मेगाबाइटच्या आसपास सहज देते. मग शक्ती कोठे गेली? ती फिरण्यात व सरकण्यात गेली. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद, हवा असलेला खंड शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. त्यात शीर्ष एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेण्याचे आठएक मिलिसेकंद मिळविले की साडेबारा होतात. वाचनास लागणारा वेळ नगण्यच. प्रत्येक गाडीत मूठभर कापूस आणावा आणि काट्याने मात्र प्रत्येक वेळी पूर्ण सोपस्कार करावा, तसा हा प्रकार आहे. काटा दिवसभर व्यस्त राहतो, आणि गंजी काही वाढत नाही.

येथे ‘आयओवेट’ या संज्ञेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण ती संज्ञा अनेक अनुभवी व्यवस्थापकांनाही चकविते. आयओवेट म्हणजे प्रोसेसरवरील भार नव्हे. तो रिकामपणाचाच एक पोटभेद आहे : प्रोसेसरला करण्यास काही नव्हते, आणि त्याच वेळी डिस्ककडे एखादी मागणी प्रलंबित होती. याचा एक चमत्कारिक परिणाम संभवतो. वरील यंत्रावर दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आठही गाभे गुंतविणारे शुद्ध गणिती काम सुरू केले, तर आयओवेट १२ वरून शून्यावर येईल. डिस्कचे स्तंभ जसेच्या तसे राहतील, पहिल्या विद्यार्थ्याची प्रतीक्षा कणभरही कमी होणार नाही. फक्त प्रोसेसर रिकामा न उरल्यामुळे त्या रिकामपणाला नाव देण्याचे कारण नाहीसे झाले. उलटपक्षी, प्रोसेसर वेगवान केला तर आयओवेट वाढतो. हा आकडा घटला म्हणून सुधारणा झाली असे समजणे जितके चूक, तितकेच तो वाढला म्हणून बिघाड झाला असे समजणेही. शिवाय अनेक गाभ्यांच्या यंत्रात वाट पाहणारे काम कोणत्याच गाभ्यावर चालत नसते. मग त्याची प्रतीक्षा कोणत्या गाभ्याच्या नावे मांडावी हे ठरविणेच कठीण. लिनक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही हा आकडा विश्वसनीय नसल्याचे नमूद आहे.

आता ‘युटिल’. निदान एक तरी मागणी प्रलंबित होती असा काळ एकूण काळाच्या किती टक्के होता, एवढेच तो सांगतो. आवारात एकच काटा असेल तर ‘आवार रिकामे नव्हते’ आणि ‘काटा गुंतला होता’ ही दोन्ही विधाने एकच होतात. पण त्याच आवारात सोळा काटे बसविले, आणि दिवसभर एका वेळी एकच गाडी आत असली, तरीही आवार शंभर टक्के व्यस्त ठरते, जरी पंधरा काटे मोकळे असले तरी. आजच्या घनावस्थ डिस्क, म्हणजे एसएसडी, आणि अनेक डिस्कांचे रेड-संच हे अशाच सोळा काट्यांच्या आवारासारखे एकाच वेळी पुष्कळ मागण्या पुरवितात. त्यांच्या बाबतीत १०० टक्के युटिल पाहून नवी डिस्क मागविणे हा केवळ गैरसमज होय. पूर्वी आयओस्टॅट ‘एसव्हीसीटीएम’ नावाचा आणखी एक स्तंभ छापीत असे, व तो युटिलवरूनच काढलेला सेवाकाळ असे. तोही याच कारणाने निरर्थक ठरला. प्रथम त्यावर विश्वास ठेवू नये असा इशारा देण्यात आला आणि पुढे तो स्तंभ काढूनच टाकण्यात आला.

मग विश्वास कशावर ठेवावयाचा? रांगेच्या लांबीवर आणि प्रतीक्षेच्या काळावर, आणि तेही दोन्ही एकत्र वाचून. या दोहोंचे नाते जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले. रांगेतील सरासरी संख्या ही येण्याचा दर व सरासरी थांबण्याचा काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. वरील उदाहरणात ७८ गुणिले ०.०१२५ सेकंद म्हणजे ०.९७५, कोष्टकातील ०.९८ शी हे जुळते. या पडताळणीचा अर्थ असा की, आज्ञावली एका वेळी एकच मागणी पाठविते, ती पुरी होईपर्यंत थांबते, मग दुसरी पाठविते. रांग नाहीच, एकटीच गाडी फेऱ्या मारते आहे. याउलट अवेट ४०० मिलिसेकंद आणि रांग ३० च्या वर दिसली असती, तर अनेक कामे एकाच डिस्कवर तुटून पडली आहेत असे निदान झाले असते, आणि उपायही निराळा सुचला असता.

निदान पक्के करण्यापूर्वी आणखी दोन आज्ञांची साक्ष काढावी. ‘व्हीएमस्टॅट’च्या ‘एसआय’ व ‘एसओ’ या स्तंभांत शून्याहून मोठे आकडे सतत येत असतील, तर डिस्कची धावपळ फाइलसाठी नसून स्मृती अपुरी पडल्यामुळे आहे. तेथे स्मृती वाढविणे हाच उपाय. ‘पिडस्टॅट’ला ‘डी’ हा विकल्प दिला असता कोणते काम किती वाचते-लिहिते हे समजते, व निरपराध आज्ञावलीवर ठपका येत नाही. ‘सार’ ही आज्ञा मागील दिवसांच्या नोंदी दाखविते खरी. परंतु त्या नोंदी सामान्यतः दहा-दहा मिनिटांच्या सरासरी असतात, आणि वीस सेकंदांचा खोळंबा दहा मिनिटांच्या सरासरीत बुडून जातो. चालू तक्रारीसाठी एक ते पाच सेकंदांचे अंतर घ्यावे.

पीकपाहणीच्या विद्यार्थ्यास यंत्र बदलण्याचे कारण नव्हते. ५० हजार गटांची चालू कोष्टके स्मृतीत ठेवावयाची आणि फाइल जशी साठविली आहे त्याच क्रमाने, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत, एकदाच सलग वाचावयाची, एवढा फेरफार पुरेसा होता. ८ गिगाबाइटचे सलग वाचन सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगाने ५३ सेकंदांत होते. तेव्हा काम गणनेच्या वेळेवर, म्हणजे सात-आठ मिनिटांवर येते, आणि आयओस्टॅटचे कोष्टक उलटे होते : वापरकर्त्याचे काम १२ टक्क्यांच्या वर, आयओवेट जवळजवळ शून्य, डिस्क बहुतेक वेळ रिकामी. प्रोसेसरविषयीचा प्रश्न आता कोठे योग्य ठिकाणी उपस्थित होतो. गणना आठ गाभ्यांत वाटली तर ती मिनिटाच्या आत येईल. आणि त्या टप्प्यावर डिस्कचे ५३ सेकंद पुन्हा आडवे येऊ लागतील.