दुसरा रविवार, सकाळी आठ ते अकरा

वस्तीतल्या एखाद्या जुन्या सेवाभावी संस्थेच्या दाराशी लावलेला फळा थांबून वाचावा असा असतो. पहिला शनिवार, शिधावाटप. दुसरा रविवार, सकाळी ८ ते ११, रक्तदाब व साखर तपासणी. चौथा रविवार, सरकारी कागदपत्रांसाठी मदत. रुग्णसाहित्य, रोज संध्याकाळी ६ ते ७.३०. डोंबिवली-ठाण्यात, पुण्याच्या पेठांत, नाशकात, सांगली-कोल्हापुरात थोड्याफार फरकाने असे फळे दिसतात. शहर बदलतं, वार बदलतात, कामं मात्र बरीचशी तीच राहतात.

या फळ्यावरची सगळ्यात मोलाची गोष्ट मला वाटते ती वार आणि वेळ. गरजू घराला मदत किती मिळणार याइतकंच ती कधी मिळणार हे आधी ठाऊक असणं महत्त्वाचं असतं. घर चालतं महिन्याच्या हिशेबाने. भाडं, गॅस, औषधं, शाळेची फी. कुणीतरी गाडीतून येऊन एकदाच पंचवीस किलो धान्य देऊन गेलं, तर त्या आठवड्यात चूल सुखाने पेटते. पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ येणारच असेल, तर घरातली बाई किराण्याचे तेवढे पैसे सासूच्या गोळ्यांकडे वळवू शकते. पुढचा महिना तिला आखता येतो.

ठरलेल्या दिवसाची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवायचा. कुठलं घर कुठल्या वारी, हे पक्कं असायचं, म्हणून त्याचं शिक्षण पार पडायचं. ही सोय बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती होती, हेही सांगितलंच पाहिजे. जातीची ती चौकट मोडून सगळ्या मुलांना एका पंगतीत बसवण्याचं काम काही वसतिगृहांनी केलं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिच्यामागे मुष्टिफंड होता. घरोघरच्या बायका रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि त्यातून वसतिगृहातल्या मुलांची भाकरी व्हायची. देणाऱ्याला जड जात नाही आणि घेणाऱ्याला खंड पडत नाही, असं मूठभराचं गणित होतं ते. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रीचे वर्ग, वाचनालयं, दवाखाने या कामातून उभे राहिले. आजच्या फळ्यावरचे बरेचसे उपक्रम त्याच वाटेने आले आहेत.

दुसऱ्या रविवारच्या तपासणीचंच घ्या. वरवर पाहता अगदी साधं काम. एक टेबल, रक्तदाबाचं यंत्र, साखर मोजायच्या पट्ट्या, ओळीने मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. प्रत्येकाच्या हातात घडीचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर महिन्याच्या नोंदी. एकदाच मोजलेल्या रक्तदाबावरून फारसं कळत नाही. माणूस जिना चढून आलेला असतो, रांगेत वैतागलेला असतो. पण कार्डावर सहा महिन्यांचे आकडे एकाखाली एक आले की डॉक्टरला त्यातून काहीतरी ठरवता येतं.

कार्डावर नसलेलीही एक नोंद तिथे होत असते. "आजी, मागच्या खेपेला दीडशेवर होतं, आज एकशे सत्तर दाखवतंय. गोळी घेताय ना?" असं विचारलं की उत्तर येतं, "संपली रे बाळा. पेन्शन झाली की आणते." संस्थेच्या कामाची बाब ही. यंत्राने दाखवलेल्या आकड्यामागे आठ दिवसांची रिकामी डबी आहे, हे दर महिन्याला भेटणाऱ्या माणसालाच कळतं. आणि जो आला नाही, त्याचीही दखल घेतली जाते. तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन खेपा दिसले नाहीत, तर कुणीतरी जिना चढून वर जातं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मला हा या उपक्रमाचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

आता संध्याकाळी सहाच्या त्या खोलीत जाऊ. रुग्णसाहित्य केंद्र म्हणजे बहुधा तळमजल्यावरची एक अरुंद खोली. भिंतीला उंचीप्रमाणे टेकवलेल्या कुबड्या, एकात एक अडकवलेले वॉकर, कमोडच्या खुर्च्या, घडी घातलेल्या व्हीलचेअर. मांडणीवर बेडपॅन, नेब्युलायझर, एअर बेडच्या गुंडाळ्या. मोठ्या केंद्रात फाउलर बेड, सक्शन मशीन आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही असतात. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या कॉन्सन्ट्रेटरसाठी लोक कसे वणवण फिरत होते, ते कुणी विसरलेलं नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि चार दिवसांनी घरी सोडलं, की ज्यांच्याकडे काल काहीच नव्हतं त्यांना आज अर्धा डझन वस्तू लागतात. तेही काही महिन्यांपुरत्या. विकत घेतल्या तर खर्च मोठा आणि काम झाल्यावर त्या ठेवायला जागा नाही. म्हणून केंद्र त्या अनामत रक्कम घेऊन, नाममात्र भाड्याने किंवा तसंच देतं. एक वॉकर वर्षभरात कितीतरी घरं फिरून येतो.

वस्तू देताना होणारी विचारपूस ऐकण्यासारखी असते. पेशंटची उंची किती? वजन किती? घरात संडास भारतीय पद्धतीचा की कमोड? न्हाणीघराचा दरवाजा किती रुंद? हा शेवटचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. चाळीतल्या किंवा जुन्या इमारतीतल्या मोरीच्या दारातून व्हीलचेअर जात नाही, आणि हे घरी नेल्यावर समजलं तर पुन्हा रिक्षाचा भुर्दंड. वॉकर देताना त्याची उंची लावून देतात. ताठ उभं राहून हात सैल सोडले की मुठी मनगटाशी आल्या पाहिजेत. त्याहून उंच असेल तर खांदे दुखतात, बुटका असेल तर माणूस वाकून चालतो. एअर बेड देताना बजावतात की हा अंथरला म्हणून कूस बदलायची राहू देऊ नका, दर दोन तासांनी पेशंटला वळवायचंच, नाहीतर पाठीला जखमा होतील. घाईच्या दवाखान्यात हे शांतपणे समजावायला कुणापाशी वेळ उरलेला नसतो. इथे निवृत्त बँक अधिकारी किंवा शाळेतल्या बाई ते तीन-तीनदा सांगतात.

वस्तू परत येणं हा नाजूक भाग. पेशंट बरा झाला तर घरचे पेढे घेऊन येतात. तसं झालं नाही, तर वस्तू कोपऱ्यात पडून राहते आणि घरच्यांना तिच्याकडे बघवत नाही. कार्यकर्ते अशा घरी सहसा तेराव्याच्या आधी फोन करत नाहीत. बऱ्याचदा मुलगा येतो, वस्तू ठेवतो आणि म्हणतो, अनामत राहू द्या तुमच्याकडेच. मग वस्तू धुऊन, जंतुनाशकाने पुसून, झिजलेले रबरी बूट बदलून पुन्हा मांडणीवर जाते. दुरुस्तीसाठी पैसे जमवताना संस्थांची दमछाक होते, कारण नव्या व्हीलचेअरवर आपलं नाव घालून देणारे बरेच भेटतात, जुन्या व्हीलचेअरच्या चाकासाठी देणारे कमी.

ठरलेल्या दिवसाची हीच गोष्ट रक्तदानालाही लागू होते आणि त्याबद्दल थोडं परखड लिहायला हवं. आपल्याकडे शिबिरं वाढदिवसांना, जयंतीला, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला भरतात. एकाच दिवशी शेकडो बाटल्या गोळा होतात, फोटो छापून येतात. पण रक्त साठवून ठेवायला मर्यादा आहे. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ३ महिने थांबावं लागतं, स्त्रीला ४. म्हणजे गावातले बहुतेक दाते एकाच दिवशी संपवले, तर साठा संपल्यापासून तीन महिने पुरे होईपर्यंत रक्तपेढी कोरडी. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, लोक गावी गेलेले असतात आणि नेमका तेव्हाच तुटवडा पडतो. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याच्या आईला महाशिबिराचा उपयोग नाही, तिला दर महिन्याला कुणीतरी हवं. ज्या संस्था दात्यांच्या याद्या करून दरमहा थोड्या-थोड्या लोकांना रक्तपेढीत पाठवतात, त्या खरं काम करतात. गणेशोत्सव मंडळांनाही हे जमू शकतं. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं. तेवढी यंत्रणा आणि माणसं गल्लोगल्ली आहेत, त्यांनी फक्त ती वर्षभर विभागून वापरायला हवी.

चौथ्या रविवारची गर्दी कागदपत्रांची. नोव्हेंबरात ती सगळ्यात जास्त, कारण पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१४ पासून जीवन प्रमाणची डिजिटल सोय आहे, मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट होतात आणि अंगठा उमटत नाही, तेव्हा चेहऱ्याची ही सोय फार कामाची ठरते. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अडले, तर आधार बँकेशी जोडलेलं आहे का, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे सारखं आहे का, ते बघून द्यावं लागतं. एका अक्षरापायी महिनोन्महिने पैसे थांबलेली माणसं या रांगेत असतात.

याच टेबलावर एक माहिती मिळते, ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून ठेवता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून ताजी चौकशी करावी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड जवळ ठेवावं. रुग्णालयात गेल्यावर आधी वैद्यकीय समाजसेवकाला गाठायचं. बिल हातात पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा भरती होतानाच अर्ज दिलेला बरा. संस्थेचा कार्यकर्ता सोबत असला तर एरवी दबकून बोलणारा माणूसही आपला हक्क नीट मागतो.

हे सगळं चालतं कशावर? बऱ्याच ठिकाणी मासिक वर्गणीवर. शंभर-दोनशे रुपये दरमहा देणारी दीडशे घरं असली की संस्थेला पुढच्या महिन्याचा शिधा बेधडक आणता येतो. मोठ्या देणगीला आयकरातल्या सवलतीचा आधार मिळतो, पण रोख २,००० रुपयांवरच्या देणगीला ती सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. त्यामुळे सवलतीसाठी देणारे कमी होतील अशी धास्ती संस्थांना आहे.

देण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, दरवर्षी हिशेब तपासून घेतले जातात का, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट ९० दिवसांत दाखल होतो का. हे शेवटचं किचकट वाटेल, पण भल्या संस्था इथेच अडकतात. जुने विश्वस्त वारले, नवे कागदावर चढले नाहीत, बँकेने सही मानायचं बंद केलं आणि पैसे असून काम ठप्प झालं, असं होऊ शकतं. वर्षातून एकदा ही कागदपत्रं नीट करून देणारा वकील किंवा सीए संस्थेला देणगीदाराइतकाच गरजेचा असतो.

आणि माणसं. केंद्र उघडणारे हात बहुतेक ठिकाणी साठीच्या पुढचे आहेत. फाउलर बेडचे सुटे भाग रिक्षात चढवणं त्यांना आता झेपत नाही. तरुणांना वेळ नाही असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मंडळाचा मांडव रात्रभर जागून उभारणारी मुलं याच गल्लीतली आहेत. त्यांना विचारताना काम नेमकं सांगावं लागतं. समाजसेवेला या, म्हटलं तर कुणी येत नाही. महिन्याच्या चौथ्या रविवारी दोन तास, मोबाइल चार्ज करून आण, पेन्शनरांचे दाखले काढायचे आहेत, असं सांगितलं की दोन-तीन जण हमखास येतात. त्यातला एखादा पुढच्या महिन्यात स्वतःहून फोन करून विचारतो, या रविवारी किती वाजता यायचं.