भोजनापूर्वींची उपकारस्तुति

विद्यार्थिमित्रहो, ताट पुढें येतांच आपण डोळे मिटून देवाचे आभार मानतों. मन मात्र पुष्कळदां कालवणाकडे असतें. (शिक्षकांचेंही असतें, हें कबूल केलें पाहिजे.) म्हणून अशाच एका प्रार्थनेच्या कर्त्याची हकीकत सांगतों.

जर्मनींतील आयलेनबुर्ग शहरीं मार्टिन रिंकार्ट नांवाचे पाळक होते. तीस वर्षांचें युद्ध (१६१८–१६४८) चालू असल्यामुळें तटाच्या आंत निर्वासितांची दाटी झाली होती. त्यांत १६३७ सालीं प्लेगाची साथ आली. सोबतचे पाळक कोणी मरण पावले, कोणी निघून गेले. प्रेतसंस्कारास अखेर हेच उरले. त्यांनीं चार हजारांहून अधिक जणांस मूठमाती दिली. त्यांत त्यांची पत्नीही होती. मागोमाग दुष्काळ आला. भोजनसमयीं म्हणावयाची म्हणून याच गृहस्थांनीं रचिलेली उपकारस्तुति आज अनेक भाषांत गाइली जाते.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत (५:१८) पौल सर्व स्थितींत उपकारस्तुति करावयास सांगतो. शब्द नीट वाचावा. ‘स्थितीबद्दल’ नव्हे, ‘स्थितींत’. प्लेगाबद्दल कोणीं आभार मानावे? ज्याच्या घरीं मृत्यु झाला, त्यास तसें सांगणें हा शुद्ध निर्दयपणा होय. लाजराच्या मृत्यूनें शोक करणारे लोक पाहून प्रभु येशू स्वतः रडला, आणि कबरेपाशीं येऊन त्यानें पित्याचे आभार मानिले. योहानाचा अकरावा अध्याय उघडून पाहा. या दोहोंमध्यें अवघीं पांच वचनें आहेत.