मोटारसायकलची नवी चेन: पहिल्या पांचशे किलोमीटरांतील काळजी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत बैलगाडीचें पुष्कळसें काम आतां मोटारसायकलवर आलें आहे. दुधाचे कॅन, खताची गोणी, फवारणीचा पंप हें सर्व तिच्यावरूनच जातें. पावसाळ्यांत काळ्या जमिनीचा चिखल व उन्हाळ्यांत फुफाटा चेनींत शिरून चेन व स्प्रॉकेट लवकर झिजतात. नवा संच बसविला म्हणजे काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः देखरेख तेथूनच सुरू होते.

ही रोलर चेन हान्स रेनोल्ड ह्यांनीं इंग्लंडांत १८८० सालीं सिद्ध केली. प्रत्येक सांध्यांत एक पिन, तिच्यावर नळी व नळीवर फिरणारा रोलर असतो. चेन ताणली असें आपण म्हणतों, परंतु लोखंड ताणत नाहीं. पिन व नळी एकमेकांवर घासतात, आणि सुमारें शंभर सांध्यांची किंचित् झीज मिळून चेन लांबते. नवे सांधे प्रथम एकमेकांत बसतात, म्हणून आरंभीं ही लांबी भराभर वाढते.

नव्या गोऱ्ह्यास कोणी पहिल्याच दिवशीं भरल्या गाडीस जुंपीत नाहीं. तद्वत् पहिले पांचशे किलोमीटर जड ओझें व एकदम मूठ पिळणें टाळावें. पहिली तपासणी दोनतीनशे किलोमीटरांवर व दुसरी पांचशेंवर करावी, आणि मीटरचा आंकडा वहींत टिपावा.

इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर न्यूट्रलमध्यें उभी करावी. चाक हातानें फिरवीत खालच्या चेनीचा मध्यावरील झोल चारपांच ठिकाणीं मोजावा. लहान गाड्यांत तो बहुधा २० ते ३० मिलिमीटर असतो. तथापि आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा. चेन जेथें सर्वांत घट्ट लागेल, तेथें झोल बसवावा. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्या, नट आवळून पुन्हां मोजावें, व मागील ब्रेकही पाहावा. चेनलॉकच्या क्लिपेचें उघडें टोंक चेनीच्या चालीच्या विरुद्ध दिशेस असावें.

घट्ट चेन चांगली, ही समजूत खोटी होय. ओझें बसलें कीं मागील चिमटा वर सरकून चेन आणखी ताणते. झोल नसल्यास गिअरपेटीचें व चाकाचें बेअरिंग बिघडतें. उलट फार ढिली चेन उतरते, आणि चाक अडकल्यास जीवावर बेततें.

चेन रॉकेलच्या ब्रशानें स्वच्छ करून, पुसून, आंतील बाजूस ९० नंबरचें गिअर ऑइल सोडावें व जास्त तेल पुसून काढावें. इंजिन चालू ठेवून चेन कधींही पुसूं नये. बोटें स्प्रॉकेटांत सांपडून तुटतात.

बहुतेक लहान गाड्यांच्या चेनींत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असतें. म्हणून ताणून धरलेल्या चेनीच्या २१ पिना मोजल्यास पहिलीपासून शेवटचीपर्यंत २५४ मिलिमीटर भरतात. तेंच माप २५९ झालें, किंवा स्प्रॉकेटचे दांत आंकड्यासारखे वांकले, तर चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावे. जुन्या दांतांवर नवी चेन घालणें म्हणजे तिचें आयुष्य हातानें कमी करणें होय.