उपटाल तितकी उगवतील

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही नववीच्या मुलांना यंत्रमाग दाखवायला नेले होते. माग पाहून झाले, पण मुले रेंगाळली ती कार्यालयातल्या काचेच्या टाकीपाशी. टाकीत खारे पाणी होते, दगड होते, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे समुद्री मासे होते.

सोलापुरात समुद्र आणायचा कसा, हा पहिला प्रश्न मुलांनीच विचारला. शुद्ध केलेल्या पाण्यात तयार मिळणारे समुद्री क्षार विरघळवतात, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. घरचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते. मग पातळी भरून काढताना खारे पाणी घालायचे की गोडे? वर्गात विचारून पाहा. पुष्कळ मुले ‘खारे’ म्हणतात. पण उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

मालकांनी एका दगडावरचे तपकिरी, काचेसारखे अर्धपारदर्शक ‘फूल’ दाखवून विचारले, “सर, हे काय आलंय?” आम्ही जीवशास्त्र शिकवणारे. ठणकावून सांगितले, “समुद्रफूल आहे. आपोआप आलंय, खरवडून टाका.” त्यांनी टाकले. महिन्याभराने त्यांचा फोन आला: एकाची वीस-पंचवीस झाली होती. चूक सर्वस्वी आमची होती, आणि ती का झाली हे समजून घेताना बरेच शिकायला मिळाले.

या प्राण्याचे नाव ॲप्टेशिया. हायड्रा, जेलीफिश आणि प्रवाळ यांच्याच संघातला, म्हणजे निडारिया. उंची दोन-चार सेंटिमीटर, वर शुंडकांचे वर्तुळ, मधोमध तोंड. शुंडकांवरच्या दंशपेशींनी तो भक्ष्य पकडतो आणि शेजाऱ्यांनाही डंख मारतो; टाकीत प्रवाळ असतील तर ते यानेच खंगतात. तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नाही. त्याच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेले अन्न त्याला पुरवते. त्यामुळे माशांचे खाद्य कमी केल्याने तो लगेच उपाशी मरत नाही.

खरी गोम त्याच्या पायात आहे. दगडावरून सरकताना त्याच्या तळाचे बारीक तुकडे मागे राहतात आणि एकेका तुकड्यातून पूर्ण प्राणी तयार होतो. अलैंगिक प्रजननाची ही त्याची नेहमीची रीत. आमच्या सल्ल्याने मालकांनी सुरीने तेच काम केले, फक्त अधिक वेगाने!

मारण्याआधी ओळख पक्की हवी. पिसाऱ्यासारखा तुरा असलेला आणखी एक प्राणी दगडांवर दिसतो. त्याच्यावर सावली पडली की तोही झटकन आत जातो. पण तो नळीत राहणारा वलयी कृमी, पाण्यातले कण गाळून खाणारा निरुपद्रवी जीव. नळी दिसते का, तुऱ्याखाली खोड आहे का, हे भिंगातून पाहावे. रात्री दिवा बंद करून विजेरीने पाहिले तर आणखी बरेच रहिवासी दिसतात. त्यांतले केसाळ काटेरी कृमी पाहून माणसे घाबरतात. त्यांच्यातल्या थोड्याच जाती प्रवाळ खातात. बाकीचे उरलेले खाद्य आणि मेलेले जीव खाऊन टाकी साफ ठेवतात. ते फार वाढले तर माशांना खाद्य जास्त पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र बोट लावू नये, केस कातडीत रुततात.

लालसर चपट्या कृमींचे तसे नाही. ते एकदम मेले तर त्यांच्यातले विष पाण्यात उतरते आणि मासेही दगावतात. म्हणून औषध घालण्याआधी बारीक नळीने शक्य तितके शोषून काढायचे. माशांच्या रोगांवरचे तांब्याचे औषध तर या टाकीत कधीच घालू नये. कोळंबी, शंख, प्रवाळ अशा अकशेरुकांना ते मारक असते. आजारी मासा वेगळ्या टाकीत न्यावा.

ॲप्टेशियावर आम्ही शेवटी चुना वापरला. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड डोशाच्या पिठाइतके दाट कालवून, पंप थोडा वेळ बंद ठेवून, पिचकारीने नेमके तोंडावर सोडायचे. तीव्र अल्कलीने ऊती जळून जातात. एका वेळी चार-पाचच. जास्त केले तर साऱ्या पाण्याचा सामू वाढतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे काम मुलांना देऊ नये. पानाचा चुना नको, त्यात काय मिसळले असेल सांगता येत नाही. दुसरा उपाय भक्षकाचा. बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय ॲप्टेशियाच खाते, पण ते संपले की तीही उपाशी मरते. पेपरमिंट कोळंबीही खाते, पण तिचा भरवसा नाही.

मालकांच्या टाकीत हा प्राणी आला तो कुणी भेट दिलेल्या दगडावरून. नवा दगड आधी काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून पाहणे, हा या सगळ्यात स्वस्त उपाय. आणि ‘मालवणहून प्रवाळाचा तुकडा आणू’ असे कुणी सुचवले तर थांबवा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत खरे, पण २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणे गुन्हा आहे.

उलट दिशाही तितकीच धोक्याची. मत्स्यालयांत वाढवलेले कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शैवाल १९८४ साली मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले. नांगराला, जाळ्याला अडकून त्याचे तुकडे होत गेले आणि प्रत्येक तुकडा नव्या जागी रुजत गेला.

शाळेत समुद्री टाकी परवडणार नाही. पण याच प्राण्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद फुकट मिळतो. तळ्यातल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत आणा, उजेडाच्या खिडकीत न हलवता ठेवा, मागे काळा कागद लावा. नशीब असेल तर दोन-तीन दिवसांत काचेवर पाच-दहा मिलिमीटरचे हायड्रे लोंबताना दिसतील. सुईने हलकेच स्पर्श करा, गोळा होतात. कलिकायन चालू असेल तर अंगावर पिल्लू दिसेल. एक हायड्रा बशीत धारदार पात्याने मधोमध कापा आणि दोन्ही तुकड्यांची रोज चित्रे काढायला सांगा; काही दिवसांत दोन पूर्ण हायड्रे होतात. प्रयोग संपला की बरणी नाल्यात ओतू नका. ज्या तळ्यातून आणली तिथेच रिकामी करा.