राकेश शर्मा चंद्रावर गेले नव्हते

दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी आई मंचकी निद्रेला जाते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. त्या दर्शनासाठी कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. सुमारे 45 किलोमीटरची वाट, डोक्यावर टपोरा चंद्र. पोरं चंद्राबद्दल विचारतात आणि कुणी मोठं माणूस सांगतं, "आपला राकेश शर्मा तिथं जाऊन आलाय." हे वाक्य मी एसटीत ऐकलंय, शाळेच्या कार्यक्रमांतही ऐकलंय. सांगणाऱ्याचा अभिमान खरा असतो, माहिती तेवढी चुकीची असते.

राकेश शर्मा 3 एप्रिल 1984 रोजी सोव्हिएत रशियाच्या सोयुझ टी-11 यानातून निघाले आणि सॅल्यूत-7 या अंतराळ स्थानकात राहून जवळपास आठ दिवसांनी परतले. ते स्थानक पृथ्वीभोवतीच फिरत होतं, तेही 400 किलोमीटरच्या आत. धाराशिवहून मुंबई साधारण तेवढीच लांब आहे. चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईच्या अशा सुमारे साडेनऊशे फेऱ्या! चंद्रावर आजवर उतरली ती बारा माणसं, सगळी अमेरिकी, 1969 ते 1972 या काळात. शर्मांचं मोठेपण यानं कमी होत नाही. अंतराळात गेलेला पहिला भारतीय हा मान त्यांचाच आहे. दुसरा भारतीय तिथं पोहोचायला पुढे एकेचाळीस वर्षं लागली. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले. कल्पना चावला मूळच्या कर्नालच्या, पण गेल्या त्या अमेरिकेच्या नागरिक आणि नासाच्या अंतराळवीर म्हणून.

"तिथं गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून माणसं तरंगतात," हा दुसरा समज पार शिकलेल्या घरांतही पक्का बसलाय. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. मग माणूस तरंगतो कसा? गोफणीतला दगड आठवा. जितका जोरात फेकाल तितका तो लांब जाऊन पडतो. कल्पना करा, दगड इतक्या वेगानं गेला की तो खाली येईपर्यंत गोल पृथ्वीची जमीनही तितकीच खाली वळत गेली. तो पडतच राहील, पण जमिनीला कधी लागणार नाही. अंतराळ स्थानक ताशी सुमारे 27,600 किलोमीटर वेगानं असंच पडत असतं आणि आतली माणसं त्याच्यासोबत पडत असतात. पायाखालची फरशीही तितक्याच वेगानं पडतेय, म्हणून वजन जाणवत नाही.

जुन्या दोन रुपयांच्या नोटेमागे आर्यभट्ट उपग्रहाचं चित्र होतं. ते पाहून मोठ्या झालेल्या पिढीला वाटतं, तो श्रीहरिकोट्याहून उडाला. तो बनला बंगळुरात आणि 19 एप्रिल 1975 रोजी उडाला सोव्हिएत रशियाच्या कापुस्तिन यार तळावरून, त्यांच्याच रॉकेटवर. आपल्या रॉकेटनं आपला उपग्रह कक्षेत नेला तो 18 जुलै 1980 रोजी. एसएलव्ही-3 हे ते रॉकेट आणि रोहिणी हा अवघ्या 35 किलोंचा उपग्रह. त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट 1979 मध्ये, हेच रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं होतं. मुलांना ही दोन्ही वर्षं एकत्र सांगायला हवीत असं मला फार वाटतं.

आता पाण्याचं. आपल्या भागात पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे विहीर येते, बोअर येतं, उन्हाळ्यातला टँकर येतो. त्यामुळे चांद्रयान-1 नं चंद्रावर पाणी शोधल्याचं कळलं तेव्हा अनेकांना तिथं तळं सापडल्यासारखं वाटलं. 2008 मध्ये गेलेल्या त्या यानावर नासाचंही एक उपकरण होतं आणि त्याला चंद्राच्या मातीला चिकटलेल्या पाण्याच्या नि हायड्रॉक्सिलच्या रेणूंच्या खुणा मिळाल्या. हवा नसलेल्या त्या पृष्ठभागावर वाहतं पाणी टिकूच शकत नाही. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधीच पोहोचत नाही, तिथं बर्फ आहे.

म्हणूनच सगळ्यांचं लक्ष दक्षिण ध्रुवाकडे आहे. पण चांद्रयान-3 "दक्षिण ध्रुवावर" उतरलं हेही तंतोतंत खरं नाही. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी त्याचं विक्रम लँडर उतरलं ते 69 अंश दक्षिणेला, प्रत्यक्ष ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून जास्त अंतरावर. तरीही ध्रुवाच्या इतक्या जवळ तोवर कुठलंच यान अलगद उतरलं नव्हतं. चांद्रयान-2 "फसलं" असंही म्हणतात. 2019 मध्ये फसलं ते उतरणं. त्याचं परिभ्रमण यान चंद्राभोवती फिरत राहिलं आणि चांद्रयान-3 ची जागा निवडताना त्यानंच काढलेली छायाचित्रं कामी आली.

आणि हे सगळं लांब बंगळूर-श्रीहरिकोट्यातच घडतं, असंही नाही. सोलापूर जिल्हा ओलांडला की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागतं. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची आवरणंही तयार होतात. उसाच्या पट्ट्यातल्या आपल्या पोरांना हे माहीत असायला हवं.

कधी अंतराळातलं काही थेट आपल्या दारातही येऊन पडतं. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या अनेक भागांत आकाशात जळती रेघ दिसली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मात्र आपल्या गच्चीवरूनही दिसतं. सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या तासा-दीड तासात एखादा ठळक ठिपका न लुकलुकता, आवाज न करता चार-सहा मिनिटांत आभाळ पार करताना दिसला, तर पोरांना हाक मारा. सांगा, त्यात आत्ता माणसं आहेत आणि ती मुंबईइतक्याच अंतरावर आहेत.